पिवळ्या दिव्याची शिकवण

त्या वर्षी बर्फ आधी आला आणि थंडी मागाहून. तिथंच सगळं बिघडलं. थंडी आधी आली असती तर दलदल दगडासारखी गोठली असती आणि मग वर कितीही बर्फ पडला असता तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण शरद सरायच्या आतच गुडघाभर बर्फ येऊन बसला, आणि ती दुलई अंगावर ओढून दलदल खाली उबेत झोपून राहिली. वर पांढरंशुभ्र, खाली काळा चिखल. बाहेरून सोवळं, आतून ओवळं.

उत्तरेकडल्या हौकिवारा गावच्या लोकांना हिवाळा म्हणजे दलदलीतल्या लाकडाचा हंगाम. बाकीच्या ऋतूंत तिथं माणूस जाईल, यंत्र जायचं नाही. ओस्मोचा हार्वेस्टर जानेवारी लागला तरी अंगणातच उभा होता. झाड धरून, कापून, फांद्या सोलून, तुकडे करून टाकणारं ते अजस्र धूड दाराशी बांधलेल्या आजारी बैलासारखं दिसे. ओस्मो येता-जाता त्याच्या चाकावर थाप मारी आणि पुढं जाई.

उपाय एकच होता आणि तो आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला होता. बर्फ तुडवायचा. तुडवून घट्ट केला की थंडी खाली शिरते आणि वाट गोठते. जिथं बर्फगाडी चालली तिथं ओस्मोनं ती फिरवली. झाडी दाट होती तिथं पायांशिवाय गती नव्हती. म्हणून सकाळच्या उजेडात नवरा-बायको दोघं रुंद तळव्यांची पावलं बांधून एकामागून एक बर्फ आपटत चालत.

"नीट आपट की," ओस्मो मागून म्हणाला. "लग्नात नाचल्यासारख्या टिचक्या काय मारतेस?"

"लग्नात तू कुठं नाचलास? भिंतीला टेकून उभा होतास."

"भिंत पडायला आली होती म्हणून."

हिल्का हसली, पण दम लागला होता, म्हणून ते हसू अर्धंच बाहेर आलं. मांड्या भरून आल्या होत्या. पापण्यांवर दव गोठून डोळा मिटला की चिकटत होता. ओस्मोनं हातातली पहार बर्फात खुपसली. ती वरच्या थरात जरा अडली आणि मग लोण्यात सुरी जावी तशी सरकन खाली गेली. वर काढली तर टोकाला काळं पाणी.

"आठवडाभर तरी अजून," तो म्हणाला. मग पहार पुसत, तिच्याकडं न बघता म्हणाला, "शुक्रवारचं काय म्हणतायत शाळेवाले?"

"बघतो म्हणतायत. मार्यूत शिकलीय ना माझ्याकडं, तिला चालवायला लावणार, बघणार आणि तिथल्या तिथं सांगणार."

"घेतील?"

"घेतील असं वाटतं."

"वाटतं काय? घ्यायलाच पाहिजे."

दोघं पुन्हा बर्फ आपटू लागली. बोलण्यासारखं दोघांना ठाऊक होतं. यंत्रचालक घडवणाऱ्या जंगलशाळेनं हिल्काचा शिकवणीचा संगणक-प्रोग्राम घेतला, तर तिची भाकरी गावातच राहणार होती. नाही घेतला, तर दक्षिणेकडल्या एका मोठ्या कंपनीत तिच्यासाठी जागा ठेवलेली होती, आणि तिथं जायचं म्हणजे एकटीनंच जायचं. ओस्मोला यंत्र सोडता येत नव्हतं, म्हाताऱ्या आईला सोडता येत नव्हतं. एका चुलीच्या दोन चुली व्हायच्या, एवढाच सरळ हिशेब होता.

*

घराच्या मागं सौनाची लाकडी खोपटी होती. तिच्या पुढच्या खोलीत, जिथं पूर्वी लोक वाफेला बसण्याआधी कपडे काढून ठेवत, तिथं हिल्कानं आपलं दुकान मांडलं होतं. भंगारात गेलेल्या हार्वेस्टरची खुर्ची, तिच्या दोन्ही हातांना दोन दांडे, समोर अर्धवर्तुळात तीन पडदे. खुर्चीत बसलं आणि पडदे उजळले की जंगल उभं राही. दांडा हलवला की यंत्राचा लांब हात हले, पकड झाडाला मिठी मारी, करवत फिरे, झाड कोसळे.

पण जंगल उभं करणं हे तिचं खरं काम नव्हतं. तेवढं चांगल्या संगणकवाल्यानं केलं असतं. शिकणाऱ्यानं आधी काय बघावं, मग काय बघावं, कुठं चुकावं आणि चुकल्यावर त्याला काय दिसावं, हे ठरवायचं हे तिचं काम. त्यासाठी तिनं दोन हिवाळे यंत्रं चालवणाऱ्यांच्या मागं पायऱ्यांवर उभं राहून काढले होते. मग धडे बांधले होते: आधी सपाट जमिनीवरचं एकटं झाड, मग दाटीतलं झाड, मग उतार, आणि शेवटी दलदल.

दलदलीच्या धड्यात एक पिवळा दिवा होता. जमीन मऊ लागली की उजव्या खालच्या कोपऱ्यात तो पेटे आणि एक बाईचा मऊ आवाज म्हणे, "सावकाश." हा दिवा पहिल्यापासून नव्हता. पहिल्या खेपेला शाळेनं प्रयोग म्हणून तिच्याकडं शिकायला पाठवलेली माणसं दलदलीत बुडत. यंत्र कलंडे, पडद्यावर आभाळ तिरपं होई, आणि माणूस खुर्चीतून उठून बाहेर जाई. चाळिशी ओलांडलेली, एकदा आयुष्यात हरलेली माणसं ती. त्यांना पुन्हा हरवायचं हिल्काच्या जिवावर आलं. म्हणून तिनं मायेनं तो दिवा लावला. दिवा लागल्यापासून कुणी बुडालं नाही. शाळा खूश झाली, शिकणारे खूश झाले.

मार्यूत तर त्या दिव्यावर वाढलेलं सोन्याचं पीक होती. गावातलं दुकान बंद पडेपर्यंत ती गल्ल्यावर बसायची. दोन मुलं, नवरा दुसऱ्या बाईकडं गेलेला. आता ती खुर्चीत बसली की तिची बोटं दांड्यांवर अशी फिरत, जणू विणकाम करत्येय.

"झालं बघ," त्या दिवशी तिनं शेवटचा ओंडका रचला आणि मान वळवली. पडद्यावर पूर्ण गुण आले होते. "आता सोमवारी तुझ्या नवऱ्याच्या यंत्रावर दुसऱ्या पाळीला मी. त्याला सांग, खुर्चीवरचे कुत्र्याचे केस झाडून ठेव."

"कुत्रं कुठलं? ते त्याचेच केस."

दोघी हसल्या. मार्यूतनं लोकरी हातमोजे चढवले आणि निघता निघता दारात थांबून म्हणाली, "हिल्का, खरं सांगू? घटस्फोटानंतर पहिल्यांदाच काहीतरी जमतंय असं वाटतंय बघ." आणि उत्तराला न थांबता गेली. माणसाचं असं बोलणं अंगाला ऊब देतं, आणि ओझंही होतं.

*

बुधवारी संध्याकाळी घरात भजनाची बैठक होती. ओस्मोची आई लेम्पी ख्रिस्ती लोकांतल्या जुन्या जागृतीच्या पंथातली. त्या पंथाची रीत अशी, की कुणी पुस्तकातल्या गाण्याचा आकडा सांगत नाही, कुणी पुढं उभं राहत नाही, पेटी नाही की टाळ नाही. लोक भिंतीकडेच्या बाकांवर बसतात, आणि ज्याच्या आतून येईल तो बसल्या जागी गाणं उचलतो. बाकीचे कान देऊन त्याच्यात मिसळतात. कुणी संथ असला तर सगळे संथ होतात. मधे कुणी चार शब्द देवाचे बोलतो, मग पुन्हा गाणं. त्या गाण्याला वाद्याची साथ नसते, पण त्यात जी ओल असते तिनं दगडालाही पाझर फुटावा.

त्या दिवशी एक पाहुणा आला होता. शहरातल्या मोठ्या चर्चच्या गायकांना शिकवणारा, भला, उत्साही माणूस. पहिलं गाणं सुरू झालं आणि सवयीनं त्याचा हात वर गेला. तो ताल देऊ लागला. आता पाहुण्याचा मान राखायचा म्हणून लोक त्याच्या हाताकडं बघू लागले. हात वर गेला की आवाज वर, हात खाली आला की आवाज खाली. दुसरं गाणंही तसंच नेटकं झालं.

तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर पाहुण्याला शिंक आली. हात खिशातल्या रुमालाकडं गेला. आणि सगळे थांबले, शब्दाच्या मधोमध. एकही आवाज पुढं गेला नाही.

पाहुण्यानं नाक पुसलं. त्याच्या नाकाचा आवाज तेवढा खोलीत ऐकू आला.

"सत्तर वर्षं झाली हे गाणं गाते," लेम्पी शांतपणे म्हणाली. "नवरा गेला त्या रात्री गायलं, तेव्हासुद्धा गळा थांबला नाही. आज पाहुण्याच्या रुमालासाठी थांबला."

लोक हसले. पाहुणाही हसला आणि त्यानं दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले. कुणीतरी गाणं पुन्हा उचललं.

हिल्का हसली नाही. ती कॉफीची किटली हातात घेऊन चुलीपाशी उभी होती. खोलीतले चेहरे तिनं पाहिले होते. सगळ्यांचे डोळे पाहुणा बसलेल्या एका कोपऱ्याकडं लागलेले, आणि कान निजलेले. हा चेहरा तिनं रोज पाहिला होता. मार्यूत दलदलीत शिरली की तिचे डोळे जमिनीवर नसत. ते उजव्या खालच्या कोपऱ्यात असत. हिल्काच्या हातातली किटली कलली आणि कॉफी तिच्या पायावर सांडली तेव्हा ती भानावर आली.

*

"दिवा बिघडलाय तुझा," गुरुवारी सकाळी मार्यूत म्हणाली. पडद्यावर आभाळ तिरपं झालेलं होतं.

"पुन्हा कर."

मार्यूतनं पुन्हा केलं. पुन्हा यंत्र पुढच्या चाकांवर वाकलं आणि चिखलात रुतत गेलं. तिसऱ्यांदा ती इतकी हळू गेली की काहीच कापलं नाही, आणि तरी रुतलीच. आता तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

"बिघडला नाही," हिल्का म्हणाली. "मी काढलाय."

मार्यूतनं दांडे सोडले. "म्हणजे मुद्दाम?"

"बघायचं होतं."

"काय बघायचं होतं? मी बुडते कशी ते?" ती उठली. कानशिलं लाल झाली होती. "सांगून काढायचा की. उघडं करून उभं केल्यासारखं वाटलं मला. आणि उद्या शाळेच्या लोकांपुढं काढलास ना, तर मी येणारच नाही. तुझं तू चालव."

दार आपटलं. खोपटीच्या छपरावरचा बर्फ घसरून खाली पडला.

हिल्का त्या खुर्चीत स्वतः बसली. जंगल तिनंच लावलेलं होतं. कुठं मऊ आहे ते तिला पाठ होतं, म्हणून ती बुडाली नाही. पण तिनं नीट पाहिलं तेव्हा तिला दिसलं, की पाठ नसेल त्यानं कशावरून ओळखावं असं त्या जंगलात काही ठेवलेलंच नव्हतं. खऱ्या दलदलीत पाझराच्या जागी बर्फाला निळसर झाक येते, आल्डरची खुजी झुडपं डोकं काढतात, पाइन वाकडे वाढतात, चाकाखाली जमीन बसते ते जाणवतं. दिवा लावल्यानंतर तिनं यातलं एकेक सोडून दिलं होतं. दिवा सांगतोय म्हटल्यावर जमिनीनं कशाला बोलायचं? आंधळ्याला काठी द्यावी हे खरं, पण तिनं डोळसाला काठी देऊन वर त्याचे डोळे बांधले होते.

*

दुपारी मासळीचं कालवण आणि राईची काळी भाकरी खाताना तिनं ओस्मोला सगळं सांगितलं. तो चमचा खाली न ठेवता ऐकत होता.

"मग शुक्रवार होऊ दे," तो म्हणाला. "त्यांनी घेतलं की दुरुस्त कर. कोण विचारतंय?"

"सोमवारी मार्यूत दलदलीवर जाणार."

"मी आहे की."

"तू एका पाळीला, ती दुसऱ्या पाळीला. तू तेव्हा झोपलेला असणार."

"एवढं मोठं यंत्र आहे. रुतलं तर रुतलं. ओढून काढू."

"आणि कलंडलं तर? तुमच्याच धंद्यातल्या एकाचं तळ्याकाठी कलंडलं होतं ना गेल्याच्या गेल्या वर्षी?"

ओस्मोनं चमचा ठेवला. त्याच्या तळहातांना भेगा पडून त्यात तेलाचा काळा रंग मुरला होता. "मला काय सांगतेस? तो माणूस माझ्या ओळखीचा होता." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि पुन्हा ताटातच टाकला. "तू गेल्यावर इथं आई न् मी. आई न् मी, आणि अंगणात ते धूड. एवढंच म्हणतो मी. जास्त काही म्हणत नाही."

लेम्पी चुलीपाशी मोजे विणत होती. दोघांनी तिच्याकडं पाहिलं, म्हातारी काहीतरी निवाडा करील म्हणून. तिनं टाके मोजले आणि म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. काल मीच थांबले होते."

*

शुक्रवारी मार्यूत आली. हिल्कानं गाडी सुरू करून ठेवली होती तेवढ्यात ती कोपऱ्यावरून चालत आली, दार उघडून बसली, आणि शाळेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

प्राचार्य तेर्वोनेन रुंद खांद्यांचे, जुने जंगलवाले. त्यांच्याबरोबर दोघं परीक्षक होते. दालनात नवे पडदे, नवी खुर्ची. हिल्कानं प्रोग्राम चढवला. दिवा तिनं परत लावला होता आणि तो काढायची कळही तिच्या बोटाखाली होती. आदल्या संध्याकाळी तिनं देवाला खूप विचारलं होतं. देव गप्प राहिला होता. तो अशा वेळी गप्पच राहतो.

मार्यूत खुर्चीत बसली. दिवा पेटला, ती थांबली. दिवा विझला, ती पुढं गेली. पूर्ण गुण.

"सुरेख," तेर्वोनेन म्हणाले. "वसंतापासून सगळ्या तुकड्यांना हेच लावू. काय?" परीक्षकांनी माना हलवल्या. "चला, कॉफी घेऊ. दालचिनीच्या गोड पावाची वेटोळी केलीत आज स्वयंपाकघरात."

खुर्च्या सरकल्या. एक परीक्षक उठलाही. हिल्काचं बोट अजून कळेवर होतं. आता फक्त उठायचं होतं आणि कॉफीला जायचं होतं. घर घराच्या जागी राहणार होतं.

"अजून एक फेरी आहे," ती म्हणाली.

मार्यूतनं मान वळवली. हिल्का तिच्याजवळ वाकली. "नाही म्हणालीस तरी चालेल. खरंच."

मार्यूतचे कान आधीच लाल झाले होते. तिनं तिघा पुरुषांकडं पाहिलं, मग पडद्याकडं. "मी नाही म्हटलं तर सोमवारी दलदल विचारणार आहे का मला?" ती पुटपुटली. "काढ."

हिल्कानं कळ दाबली.

फार वेळ लागला नाही. यंत्र पहिल्याच पाझराच्या जागी शिरलं. मार्यूतचे डोळे दोनदा उजव्या कोपऱ्याकडं जाऊन रिकामे परत आले. मग आभाळ तिरपं झालं आणि तसंच राहिलं. मार्यूत दांडे धरून बसून राहिली. तिच्या मानेवरचा घाम मागून दिसत होता.

"काही जोडायचं राहिलं का?" तेर्वोनेननी विचारलं.

"नाही. दिवा मी काढला. जंगलात दिवा नसतो."

"मग लावला कशाला?"

"माणसं हरून उठून जायची. माया आली."

"हं." ते त्या तिरप्या आभाळाकडं बघत म्हणाले, "म्हणजे आम्ही गेलं वर्षभर ज्यांना पास करतोय…" एका परीक्षकानं आपली टोपी हातात फिरवली. "हिल्का, हे मला असं घेता येणार नाही. दिव्यासकट तर नाहीच नाही. नवं बांधा, मग बघू. पण ते यंदा नाही व्हायचं."

"माहीत आहे."

"आणि बाई तुम्ही," ते मार्यूतला म्हणाले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला, "तुमचा यात दोष नाही."

"ते मला कळतं," मार्यूत म्हणाली. "बुडाले मीच ना पण."

कॉफीला कुणी गेलं नाही.

*

ती घरी आली. चेहऱ्यावरूनच ओस्मोला कळलं. तो लाकडं फोडायला गेला आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त फोडून आला. दाराशी बूट झटकत त्यानं विचारलं, "दक्षिणेला कधी जायचं?"

"महिनाअखेर."

"मग तोवर मार्यूतला शिकव. दोन्ही पाळ्या मी ओढतो."

"मरशील."

"मेलो तर तू यायचीस की तिकडून. तेवढीच भेट."

लेम्पीनं विणकामाची सुई त्याच्याकडं रोखली. "असं बोलू नये रे."

आणि त्यानं ओढल्या. वाट एकदाची गोठली आणि त्यानं हार्वेस्टर दलदलीत घातला. अंधार असताना जाई, अंधार पडल्यावर येई. डोळ्यांखालची कातडी राखेसारखी झाली. एकदा तो बूट काढता काढता ओट्यावरच झोपला आणि हिल्कानं त्याचा दुसरा बूट काढला.

इकडे तिनं प्रोग्राम पायापासून उसवला. दिवा काढला, बाईचा आवाज काढला, गुणांचा आकडाही काढला. निळसर बर्फ घातला, आल्डर घातले, वाकडे पाइन घातले. चाक बसलं की खुर्ची किंचित झुकावी म्हणून खुर्चीखाली जुनी मोटर लावली. फांद्या चाकांपुढं पसरून त्यांच्या गादीवरून यंत्र न्यायची सोय केली. आणि बुडालं तर कुणी रागावत नव्हतं, कुणी समजूतही काढत नव्हतं. आल्या वाटेनं पुन्हा मागं जाऊन नुसतं बघता यायचं, की आपण कशाच्या बाजूनं गेलो होतो.

मार्यूत रोज येई आणि रोज बुडे. पहिले काही दिवस ती शिव्या देई, एकदा रडली, एकदा खुर्चीला लाथ मारून पायाचं बोट दुखवून घेतलं. हिल्काला तोंड उघडायचा मोह पडे. ओठांपर्यंत शब्द येत. ती ते गिळी.

महिना संपत आला होता. एका सकाळी मार्यूतनं दलदलीच्या मधोमध यंत्र थांबवलं. लांब हात हवेत तसाच राहिला.

"थांबू का गं?"

हिल्का बोलली नाही.

"अगं, बोल की. पुढं जाऊ का थांबू?"

हिल्कानं दातांनी खालचा ओठ धरला. मागं दार उघडलं. ओस्मो आला होता. करवतीची साखळी तुटली होती, दुसरी न्यायला. त्यानं पडद्याकडं पाहिलं, क्षणात सगळं ओळखलं आणि बोलायला तोंड उघडलं. हिल्कानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तोंड मिटलं.

मार्यूतनं एक सणसणीत शिवी हासडली. मग खुर्चीत पुढं सरकून ती बघू लागली. बराच वेळ बघत राहिली. यंत्राचा हात हळूच वळला, त्यानं एका स्प्रूसची मान धरली, ते झाड आडवं केलं आणि त्याच्या फांद्या चाकांपुढं पसरल्या. मग ती दोन हात मागं आली, डावीकडं वळली आणि आल्डरच्या झुडपांना लांबून वळसा घालून पलीकडच्या उंचवट्यावर चढली.

पडद्यावर काहीच झालं नाही. आकडा आला नाही, आवाज आला नाही. जंगल होतं तसंच उभं राहिलं.

"बरोबर होतं का?" मार्यूतनं मागं वळून विचारलं.

तिनं हिल्काकडं पाहिलं. मग ओस्मोकडं पाहिलं. तो दारात टोपी हातात धरून उभा होता आणि त्याच्या बुटांवरचा बर्फ वितळून लाकडी जमिनीवर ओघळत होता.

"नका सांगू," मार्यूत म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडं वळली.